हत्तीला नाव होतं

३ जाने. ४७
गावदफ्तराचे जुने रुमाल, म्हणजे कागदांची बासनं, शाळेत आलेत. ग्यादरिंगच्या प्रदर्शनासाठी त्यातल्या कागदांवरून चित्रं काढायची. ड्रॉइंग मास्तरांनी मोडी वाचून दाखवली. मी अन् वर्गातल्या सदूनं आमच्या शहागडचा कागद घेतला: पूर्वी एका साहेबाची सवारी गोदावरी उतरून पलीकडे गेली तो. हत्तीचं नावसुद्धा दिलंय, मोती. सामान वाहणारे? 'वेठबिगारी वगैरे.' बस्स. सदू म्हणाला, "आपल्यापरीस हत्ती बरा." हसलो, पण डोकं तापलं.

९ जाने.
गावी जाऊन आलो. आजोबांना विचारलं, तर त्या सवारीत तेही होते! "माह्या डोक्यावर साहेबाचा न्हायाचा हंडा व्हता. पाणी छातीला लागलं." मजुरी? "कशाची मजुरी? वेठ व्हती." चित्रात काढतो म्हटलं, तर हनुवटी वर करून बसले. "बराबर काढ मंग. तवा मला दात व्हते."

१७ जाने.
मांजरपाटाचा पडदा भरत आला. हत्तीचे नुसते पाय, कडेला. समोर आजोबा, हंडा, मागं सगळे 'वगैरे'. बाकी रंग डिंकातले, चेहरे जवसाच्या तेलात. तेल सदूच्या घाण्यावरचं.

२१ जाने.
हेडमास्तरांनी पडदा पाहिला. उद्घाटनाला जिल्ह्याचे तालुकदारसाहेब येणार ना! "वेठबिगार कधीच बंद झाली. हे चेहरे झाका. नाहीतर दोघांना मॅट्रिकला बसू देणार नाही." ड्रॉइंग मास्तर खाली बघत होते. फार राग आला त्यांचा.
सदू म्हणतो, "झाकून टाकू. वर्ष जाईल रे." आजोबांना काय सांगू?

२४ जाने.
झाकले. पांढरी माती कालवून फासली. तिच्यात डिंक लागतो, नाहीतर वाळली की झडते. पहिल्याच तासाला शिकवलेलं. आम्ही डिंक घातला नाही. खालचे चेहरे तेलातले, त्यांना पाण्यानं काही होत नाही. सदूचीच अक्कल, शाब्बास!
संध्याकाळी ड्रॉइंग मास्तर आले. पडद्यावर बोट फिरवलं. बोट पांढरं. मेलो, म्हटलं. त्यांनी धोतराला बोट पुसलं. "पडदा भिंतीवर नको. अंगणात दोन बांबूंना बांधा. तिथं वारा असतो."
उद्या उद्घाटन. आजोबा यायचेत, नवा पटका बांधून. भीती वाटते, खोटं कशाला लिहू. मॅट्रिक गेली तर बाबा घरात घेणार नाहीत.
आत्ता बाहेर पान हलत नाहीये. उद्याही वारा नसला, तर तालुकदारसाहेबासमोर पडदा मी झटकणार.