नळीतला उजेड

शुक्रवार, दिवस मावळताना

बाल्यानं पिस्तूल घेतलंच. लायसन हाय, कागद पक्के हाईत, अक्कल सोडून सगळं हाय. फौजेनं निकालात काढलेला जुना माल. कशाला पायजे, तर विहिरीच्या पाण्यावरून चुलत भावाला, नामाला, धाक दाखवायला. दोघंबी माझेच नातू. कुणाच्या तोंडात मारू?

दुकानात घ्यायच्या आदी दुकानदारानं पिस्तुलाची नळी सुटी करून दिली. बाल्या म्हणला, "आजी, मोतीबिंदू काढल्यापासून तुझी नजर घारीची झालीय. आत गंज हाय का बघ." म्या उजेडाकडं धरून बघितलं. आत वळणावळणाच्या खाचा, लख्ख. पलीकडं गोल उजेड. म्हणलं, "गंज हाय. खड्डे पडल्यात. नको घेऊ."

दुकानदार हसला. "आजी, जुनं तेल हाय ते." त्यानं आतून फडकं ओढलं आन नळी बाल्याच्या डोळ्याला लावली. आदीपेक्षा जास्त चमकायली. माझं खोटंबी धड कामाला आलं न्हाय.

घरी आल्यावर बाल्यानं नळी परत माझ्या हातात दिली. "आता दाव, कुठंय गंज?" अंगणात उजेडाकडं धरली. त्या गोल उजेडात समोरचं नामाचं दार आलं. दारात नामा, लेकराला भरवत बसलेला. बरोबर मधोमध.

त्यानं तिकडनंच हाक मारली, "आजी, दुर्बीण आणली का काय? मी दिसतो का?"

"दिसतोस की," म्हणलं. आन नळी खाली घेऊन पदरात गुंडाळली.