चढावर बंद पडलेली गाडी

तीर्थरूप बाबा, इथूनच पाया पडते.

मी मजेत आहे. जेवणं वेळेवर होतात, असं आईला सांगा.

काल टॅक्सीवाल्यांना आमच्या कंपनीची विजेची गाडी दाखवली. ‘चार्जिंग संपलं की रस्त्यात बंद पडते,’ म्हणून ते अडून बसले होते. शेवटपर्यंत पळते हे दाखवायच्या नादात मी त्यांना बसवून फिरवत चार्जिंग संपत आणलं, आणि नेमकी चार्जिंग स्टेशनच्या चढावर गाडी बंद पडली! सगळे हसत उतरले, ढकलत तिला वर घेऊन गेले.

“बंद पडणं म्हणजे एवढंच होय?” त्यांचा म्होरक्या म्हणाला. दोघांनी तिथेच गाडी नोंदवली.

तुमच्या गॅरेजला गिऱ्हाईक येतं ना? विजेच्या गाड्यांमुळे ते तुटेल म्हणता, पण ब्रेक, टायर आमच्या गाड्यांनाही लागतात. गॅरेजची डावी भिंत रिकामी ठेवा, तिथे चार्जर मीच बसवणार.

राग आला तर स्वतः फोन करा. दर वेळी आईकडून निरोप नको.

तुमचीच हट्टी पोर