माईचा उजवा पाय

५ जानेवारी २०२५, रविवार. देवास, होस्टेल.

ही डायरी मराठीत लिहिणार. एक तर माई म्हणते मराठी विसरशील. दुसरं, रूममेट अर्पितला मराठी येत नाही. माझ्या वेलांट्या चुकतात, पण इथे तपासणार कोण.

थर्ड इयरचा प्रोजेक्ट ठरला. शुगरमुळे ज्यांचे पाय सुन्न झालेत त्यांच्यासाठी स्मार्ट चप्पल. आत सेन्सर. कुठे जास्त दाब पडतो ते फोनवर लाल दिसणार. जखम व्हायच्या आधीच माणूस सावध. सब्जेक्ट घरातच आहे, माझी आई. माईला कितीतरी वर्षांपासून शुगर, तळपायाला काही कळत नाही.

टीममध्ये मी आणि उर्वशी. ती आधी फिजिओथेरपी शिकत होती, तिला शरीर कळतं. मला इलेक्ट्रॉनिक्स कळतं, मेकॅनिक्स कळतं, कोडिंग पण. म्हणजे खरा इंटरडिसिप्लिनरी मीच. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, बरं.

११ जानेवारी, शनिवार. धार.

इंदूरला बस बदलून घरी आलो. माईच्या घरातल्या चपलेत इनसोल बसवला. सामान एकाच पायापुरतं होतं म्हणून फक्त उजवा. बाबा गेल्यापासून घर माईच्या शिलाईवर चालतं आणि मशीनचं पायडल ती उजव्या पायाने मारते. डेटा भरपूर येणार.

एका वायरचं सोल्डरिंग अंगठ्याच्या खाली येतंय. थोडं वर आलंय. त्यावर रेक्झिनचा तुकडा चिकटवला. फायनल मॉडेलमध्ये नीट करू.

माईला विचारलं, टोचतंय का. म्हणाली, अजिबात नाही. फीडबॅक पॉझिटिव्ह.

अंकिता (बहीण, बारावीला आहे, स्वतःला फार समजते) म्हणाली, "दादा, तिला तर गरम चहा सांडला तरी कळत नाही." मी म्हणालो, तू केमिस्ट्री वाच.

२० जानेवारी, सोमवार. देवास.

डेटा येतोय. अंगठ्याच्या खाली सारखा लाल ठिपका. माई बसली तरी लाल, उठली तरी लाल. सेन्सर खराब असणार. चायनीज माल.

उर्वशीने विचारलं, पाय पाहिला का. मी म्हणालो, पाहिला ना, मोजून घेतला. ती म्हणाली, तसं नाही, मोजा काढून, उलटा करून, रोज. मग तिने पाय कसा तपासतात त्याचं पूर्ण लेक्चर दिलं. मी शांतपणे ऐकलं. सांगितलं, पाय बघणं डॉक्टरचं काम आहे, आपलं काम इंटिग्रेशन. ती म्हणाली, "तुम मम्मी को फोन तो लगा लो।" रात्री लावणार होतो. प्रेझेंटेशनच्या स्लाइड्स राहिल्या होत्या.

२ फेब्रुवारी, रविवार. धार.

माईने कमाल केली. मी तिला रोज तासभर घाल म्हणालो होतो, ती दिवसभर घालते. मशीनवर, ओट्याशी, भाजी आणायलासुद्धा. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांना पाय पुढे करून दाखवते. शेजारच्या उमाबाईंना सांगत होती, "पीयूषचं मशीन आहे. पायातलं सगळं त्याला देवासला दिसतं." उमाबाई म्हणाल्या, मग माझ्या गुडघ्यातलं पण बघायला सांगा.

मी म्हणालो, माई एवढं नको घालूस. ती म्हणाली, "तू रोज तिकडे बघत असशील ना. बंद दिसलं तर काळजी करशील."

खरं तर मी रोज बघत नाही. आठवड्याचं एकदम डाउनलोड करतो. पण तिचा उत्साह कशाला मोडायचा.

पाय बघायचं राहिलं. ती कामात होती, मग बस होती.

१० फेब्रुवारी, सोमवार. देवास.

प्रॉब्लेम सोडवला. लाल ठिपक्यासाठी कोडमध्ये एक फिल्टर टाकला. जे सारखं एकसारखंच येतं ते चूक समजून काढून टाकायचं. आता नकाशा स्वच्छ, हिरवागार. गाईड सरांना दाखवला. ते म्हणाले, आता चांगला दिसतोय. फिल्टरचं सांगितलं नाही, टेक्निकल होतं.

उर्वशी खूप वेळ स्क्रीन बघत होती. मग म्हणाली, ठिपका गेला कसा? मी समजावलं. तिला सिग्नल प्रोसेसिंग जमत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार. देवास.

घरी जाणार होतो, नाही गेलो. विद्यापीठात प्रदर्शन आहे, स्टॉल लावायचा आहे.

अंकिताचा फोन आला. म्हणाली, माईच्या उजव्या मोज्यावर डाग पडलेत. मी म्हणालो, मशीनवर बसते, तेलाचे असतील. ती म्हणाली, "तेल में से बास थोड़ी आती है, दादा." मी सांगितलं, मोजे धू. तिने फोन ठेवून दिला. हल्ली तिचा स्वभाव फार चिडका झालाय. बोर्डाचं टेन्शन.

संकल्प: पुढच्या शनिवारी नक्की घरी.

२२ फेब्रुवारी, शनिवार. देवास.

प्रदर्शनात दुसरं बक्षीस. भिया (इंदुरी 'भाऊ'), पूर्ण हॉल टाळ्या वाजवत होता. माईला फोन केला. जरा कणकण आहे म्हणाली, आवाज बारीक होता, पण फार खूश झाली. विचारलं, "माझा पाय दाखवलास का त्यांना?" मी म्हणालो, मोठ्या पडद्यावर.

१ मार्च, शनिवार. धार.

काल अंकिताने रडत फोन केला. माई तापाने फणफणली होती. सकाळी पोचलो. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मोजा कापून काढला.

अंगठ्याच्या खाली भोक आहे. आजूबाजूला काळं. वास मला दारातच आला होता.

डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं. मी काही बोलायच्या आत माई म्हणाली, "ठेच लागली, उंबऱ्याला." डॉक्टर म्हणाले, ठेच पुढून लागते, ही जखम खालून आहे. माई म्हणाली, नाही, ठेचच.

म्हणजे ठेचच असणार. पाय तिचा आहे, तिला माहीत.

डॉक्टरांनी विचारलं, घरात शिकलेलं कोण आहे? अंकिताने माझ्याकडे पाहिलं. मी बायोइंजिनीयरिंग करतो सांगितलं. ते म्हणाले, "रोज पाय बघायचा होता फक्त."

४ मार्च, मंगळवार. इंदूर.

संसर्ग हाडापर्यंत गेला होता, म्हणून इकडे हलवलं. काल अंगठा काढला. शेजारचं बोट पण.

नर्सने माईची चप्पल पिशवीत घालून माझ्याकडे दिली. पिशवी पलंगाखाली सरकवली.

शुगर वाढलेली होती, ते मुख्य कारण. गोळ्या ती वेळेवर घेत नाही. रिपोर्टमध्ये तसं लिहिता येईल.

९ मार्च, रविवार. इंदूर.

माई झोपली होती. चप्पल बाहेर काढली. रेक्झिन घासून गेलंय. वायरचं टोक वर आलंय, टाचणीएवढं. त्याच्याभोवती काळं लागलंय. गंज असू शकतो.

कोडमधला फिल्टर काढून सगळा जुना डेटा परत चालवला. ठिपका पहिल्या दिवसापासून आहे. तिथेच. फेब्रुवारीत त्याच्याभोवती आणखी ठिपके आहेत.

गंज नाही.

उर्वशीला फोन केला. ठिपका खरा होता, सांगितलं. ती म्हणाली, मी येऊ का. मी म्हणालो, नको.

१९ मार्च, बुधवार. धार.

रंगपंचमी. माई घरी आली. गल्लीत रंग चाललाय. आम्ही दार लावून घेतलं. ओटीवर शेजारच्या गोलूची पोरं पिचकारी घेऊन आली, अंकिताने परत पाठवली.

दुपारी मशीनचा आवाज आला. माई डाव्या पायाने पायडल मारत होती. शिलाई वाकडी जाते, उसवते, परत मारते. मी म्हणालो, मोटर बसवून देतो. ती म्हणाली, तुझी परीक्षा होऊ दे आधी.

अंकिता माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, बोलत नाही.

संकल्प: विद्यापीठात सगळं खरं सांगायचं.

२८ एप्रिल, सोमवार. देवास.

व्हायवा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, ट्रायल मार्चमध्ये का थांबली? मी म्हणालो, सब्जेक्टला दुखापत झाली. कशाने? उर्वशी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, घरात ठेच लागली.

ते म्हणाले, अरेरे. पुढचा प्रश्न बॅटरीवर होता.

बाहेर आल्यावर उर्वशीने तिची फाइल उचलली आणि गेली. नंतर कळलं, पुढच्या वर्षासाठी तिने दुसरा ग्रुप घेतलाय.

४ मे, रविवार. धार.

रिझल्ट लागला. प्रोजेक्टला ए ग्रेड.

दुपारी माईच्या पायाचं ड्रेसिंग केलं. ड्रेसिंगवाला सुट्टीवर आहे, म्हणून मी. पाय मांडीवर घेतला. एवढा जवळून आज पहिल्यांदा पाहिला. टाचेला भेगा आहेत. पोटरीवर भाजल्याचा जुना डाग आहे, तो मला माहीतच नव्हता. अंगठ्याच्या जागी गुलाबी कातडी, अजून ओली.

माई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "पीयूष, मार्क तर नाही ना कापले त्यांनी?"

कशाचे, विचारलं.

"या पायापायी. मी डॉक्टरांना ठेच म्हणाले. उमाबाईंना पण तेच सांगितलं. तुझ्या कॉलेजात कुणी चौकशी केली असती तरी तेच सांगणार होते."

मी म्हणालो, नाही कापले.

"मग झालं," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

पट्टी गुंडाळली. गाठ मारली, ती सुटली. परत मारली. अंकिता आतून आली, माझ्या शेजारी बसली, माझ्या हातातून पट्टी घेतली आणि बांधली.