पाऊण तासाची तपासणी

स्प्रूस लेक, ३ मार्च २०२४

तुझं तळघर कोरडं ठणठणीत आणि माझ्या तळघरात घोट्यापर्यंत पाणी, हा कुठला न्याय? दोन्ही घरं विकत घेण्याआधी तपासणारा माणूस एकच, तुझा जावई डेल्मर!

चि. लव्हॉनला आर्डिसचे आशीर्वाद, आहेत तेवढे. वि. वि., बर्फ वितळलं आणि बटाट्यांची पोती भिजली. घराबरोबरच आलेल्या, भिंतीला टेकवलेल्या फळ्या ओढून बघते तर मागच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेग, माझा हात आत जातो. डेल्मरच्या कागदावर मात्र 'भिंती उत्तम'. तुझ्याकडे बाई तो तीन तास रांगला, उंदराचं बीळसुद्धा लिहिलं, आणि विकणाऱ्याने तुला भिंत नवी बांधून दिली. आता तिथे गालिचा नि शिवणयंत्र. माझी जळजळ होते, खोटं कशाला बोलू?

गवंडी म्हणतो, भिंत पुढचा हिवाळा काढणार नाही. मग मी जाऊ कुठे, नातवंडं येणार कुठे? चर्चच्या मासळीच्या जेवणाला शेजारी वकील बसला होता. तो म्हणाला, आजी, तपासणाऱ्यावर दोन वर्षांच्या आत दावा लावा, नंतर कोर्ट दारात उभं करणार नाही. मला किल्ली मिळाली २०२२ च्या २६ एप्रिलला, म्हणजे वेळ आहे. डेल्मर फोनवर म्हणाला, मावशी, ईस्टर होऊ द्या, मी स्वतः येऊन बघतो. म्हणून थांबलेय.

तुझी,
आर्डिस

एल्क बेंड, ७ मार्च

ती. ताईस सा. न.

थांबू नकोस. दोन वर्षं किल्लीपासून मोजत नाहीत, तपासणीच्या दिवसापासून मोजतात. पाणी आज का दिसेना, कायद्याला त्याचं काही नाही. तुझी तपासणी त्या वर्षी १४ मार्चला झाली आणि यंदा ईस्टर आहे ३१ ला. रविवारी जेवताना डेल्मर हसत म्हणाला, ईस्टरनंतर मावशींचा प्रश्नच मिटेल. मी खोदून विचारलं तेव्हा हे मोजणं त्यानेच सांगितलं.

तारीख मला पक्की आठवते. त्या दिवशी मी डुकराचं मांस भाजलं होतं आणि त्याला फोन करून म्हटलं, आटप, ताट गार होतंय. गार काही होत नव्हतं, ताई. तुला तळ्याकाठचं घर मिळतंय हे मला बघवत नव्हतं. तो पाऊण तासात तपासणी उरकून जेवायला आला. तुला हे मी सांगितलं असं जानेलला कळलं तर पोटची पोरगी माझ्याशी बोलायची नाही.

रागाव हवी तेवढी, पण माया तोडू नकोस.
लव्हॉन

स्प्रूस लेक, १३ मार्च

एका जेवणाच्या ताटापायी माझं घर बुडवलंस!

चि. लव्हॉनला आशीर्वाद. काल कोर्टात जाऊन दावा लावला. कारकून बाई म्हणाली, आजी, येत्या शुक्रवारी, १५ ला आला असतात तर हात हलवत परत गेला असतात.

तू जळलीस हे वाचून मला वाईट वाटलं नाही, बरंच वाटलं. तुझे केस, तुझा नवरा, आता तुझी कोरडी फरशी. जन्मभर वाटायचं, जळणारी मी एकटीच. तुझं तळघर अजूनही मला बघवत नाही, ते वेगळं. जानेलने बोलणं टाकलं तर इकडे ये. गमबूट आण.

या पत्राला तू उत्तर द्यायचं नाहीस. डेल्मरने द्यायचं, स्वतःच्या हाताने: त्या पाऊण तासात माझ्या तळघरात तो किती मिनिटं होता, आणि एक तरी फळी हलवली का.

आर्डिस