ज्वारीची दुसरी फूट

२६ ऑगस्ट २०२३, सांगली
पाऊस नाही. तेवीस दिवस झाले! जतला मेंढपाळ बिराप्पांच्या रानात माझा चाऱ्याच्या ज्वारीचा प्रयोग — कमी पाण्यात कोणतं नवं वाण किती वैरण देतं, ते बघायचंय. पहिली कापणी बरी झाली. दुसरी फूट मात्र वीतभर येऊन थांबलीय. वाळत नाही, वाढतही नाही. पानं तपासायला दिली.

२९ ऑगस्ट
रिपोर्ट आला. पाण्याच्या ताणानं कोवळ्या फुटव्यांत विष साठलंय. मर्यादेच्या तिप्पट! प्रयोग बघणाऱ्या आमच्या सरांना लगेच फोन केला. "एका नमुन्यावर गावात घबराट नको. दुसरा तपासू, मग सांगू." मी "हो सर" म्हटलं.
का म्हटलं?

३१ ऑगस्ट
बिराप्पांचा नंबर दोनदा काढला. लावला नाही.

१ सप्टेंबर, जत
नऊ मेंढ्या गेल्या.
सकाळी बिराप्पांची सून सोनिया कळप घेऊन निघाली होती. कळप कुंपणाच्या तारेखालून प्रयोगाच्या तुकड्यात शिरला. अर्ध्या तासात खेळ संपला. मी पोचले तेव्हा पोटं फुगलेली, तोंडाला फेस. बिराप्पा बांधावर बसून — "सुनंचं ध्यान न्हाई. मोबाईल बघत बसली आसंल." नवरा तानाजी सगळ्यांदेखत तिच्या अंगावर धावून गेला. सोनिया एका आई गेलेल्या कोकराला बाटलीनं दूध पाजत राहिली.
रिपोर्ट माझ्या पिशवीतच राहिला. "ताई, च्या घ्या," तीच म्हणाली. मी घेतला.

३ सप्टेंबर, सांगली
दुसरा रिपोर्ट. तेवढंच विष. सर म्हणाले, "कुंपण घातलं होतं ना? मग झालं."

४ सप्टेंबर
जतला जाऊन आले. सगळ्यांसमोर सांगून टाकलं — मला तीन दिवस आधी माहीत होतं. सोनियाची चूक नाही, माझी आहे. तानाजी उठून गेला. बिराप्पांनी माझ्याकडे बघितलं.
"तीन दिस, व्हय?" मग म्हणाले, "आमची जुनी ज्वारी कोवळी आसताना बाधती, ठावं हाय. तुमचं नवं बियाणं बाधनार न्हाई वाटलं. एक फोन करायचा हुता, ताई."


६ सप्टेंबर
सोनियाचा फोन. अगदी हळू आवाजात. "ताई, तार मीच उचलली. तुमची ज्वारी बी बाधंल, वाटलंच हुतं. पर चारा संपला हुता, चार दिस मेंढरं दगडं चाटत हुती. म्हनलं, निम्मी तरी जगतील... कुनाला सांगू नगा."