कुरोसे नदी जिथं वर येते

२८ मार्च
आलो बाबा एकदाचा! बसमधून उतरलो तर अख्खी आळी दारात उभी, जणू नवरदेवच आलाय. शेजारच्या तात्सुआजीनं माझं गाठोडं हिसकावूनच घेतलं. म्हणाली, आजोबा, नुसती हाडं उरलीत तुमची, इथलं पाणी प्या, महिन्याभरात बाळसं धराल. मी म्हटलं, या वयात बाळसं धरलं तर दुपट्यात कोण गुंडाळणार? बाया खो खो हसल्या.

घर लहानसंच, पण ओट्याशेजारी जिवंत झरा. पहिल्या हौदात पाणी वर येतं, ते प्यायचं. दुसऱ्यात भाजी धुवायची. तिसऱ्यात मासे, ते खरकटं खातात. मग पाणी खालच्या घरांत आणि तिथून भातखाचरांत. आळीतलं सगळ्यांत वरचं घर माझं! भाडं विचारलं तर रागावल्याच.

३१ मार्च
कशासाठी आलो, ते लिहून ठेवतो. कुरोसे ही माझ्या जन्माची नदी. आम्ही वर घळीत राहतो. बर्फ वितळलं की ती तिथून उड्या मारत निघते, आणि डोंगर सुटला की गोट्यांत शिरून नाहीशी होते. पुढं पात्र कोरडं ठणठणीत. जमिनीखालून दोन कोस चालून ती इथं, लोकांच्या स्वयंपाकघरांत डोकं वर काढते.

गेल्या वर्षी माझा मुलगा इसामु नदीत ओंडके सोडताना वाहून गेला. नदी जिथं जमिनीत शिरते तिथवर लोकांना दिसला. पुढं नाही. त्याची आई, किनु, अजून रोज त्याच्या वाटीत भात वाढते. माझं आपलं साधं गणित. तिकडे गिळलेलं इकडे निघेल. एखादं हाड जरी मिळालं, तरी किनुच्या ओटीत नेऊन घालीन.

५ एप्रिल
वर बर्फ वितळायला लागलं. पाणी इतकं गार की दात ठणकतात. सकाळी पहिल्या हौदात देवदाराची साल आली, आमच्या घळीतली! मी लहान पोरासारखा नाचलो. तात्सुआजी म्हणाली, धीर धरा, येईल हळूहळू. तुमच्याआधी इथं एक बाई होती, नवऱ्याची वाट बघत. मी विचारलं, मिळाला का? मिळाला की, म्हणाली, आता दोघं एकत्रच असतात. बाकीच्या बाया हौदात मुळे धूत होत्या. त्या एकमेकींकडे बघून हसल्या.

९ एप्रिल
गवती पायताणाची दोरी आली. त्यात लाल चिंधी वळलेली, किनुच्या हातची. दोरी पुसून खिशात ठेवली. मग दुकानातल्या फोनवरून तिला कळवलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, रविवारच्या बसनं येते.

१२ एप्रिल
दुपारी वाटी विसळत होतो. तळातून हात वर आला.

इसामुचाच. करवतीनं तुटलेलं तेच बोट. मी धरला. ऊबदार होता. वर्षभर या पाण्यात राहून — ऊबदार. त्यानंही धरला, लहानपणी जत्रेत धरायचा तसा. आणि मग ओढलं. खांद्यापर्यंत आत गेलो. कसाबसा सुटलो.

तात्सुआजी दारातच उभी होती. हललीसुद्धा नाही. म्हणाली, भिता काय असे, पोटचं पोर आहे ना तुमचं?

१३ एप्रिल
रात्रभर एकच विचार. आमच्याकडे आयु मासा कसा धरतात? जिवंत आयु दोरीला बांधून पाण्यात सोडायचा. दुसरा त्याच्यावर झेपावतो, गळाला लागतो. मग त्यालाच बांधायचा. पुढच्यासाठी. जन्मभर मी हेच केलं.

ती बाई नवऱ्यामागे गेली. मी इसामुमागे आलो. माझ्यामागे —

किनु!

दुकानाकडे धावलो. फोन बिघडलाय म्हणाले, खिडकी न उघडताच. बसच्या रस्त्याला लागलो, तर सगळी आळी आडवी. हसत. म्हणाले, उद्या पाहुणी यायची, घर झाडून ठेवा. असा चिक्कूपणा करू नका आजोबा, आमच्या खाचरांना दर साली कुणीतरी लागतंच. यंदा तर जोडी मिळतेय. उचलून घरी आणलं. तात्सुआजीनं माझे केससुद्धा नीट केले.

१४ एप्रिल
दार बाहेरून लावलंय. झरा उसळतोय.

हात — आता दोन — पायाला —

ओटा धरून लिहितोय. कमरेपर्यंत आत. हौद एवढा खोल नव्हता —

बाहेर तात्सुआजी. केवढी लाडानं बोलतेय. या हो किनुबाई, दमलात ना? आजोबा आतच आहेत. पोरगाही भेटलाय त्यांना.

ओरडतोय. तोंडात पाणी —

किनु, माझा हात वर दिसेल. ऊबदार असेल. माझाच असेल. तरी तू तो —