चराईचे चार भाग

भिलाई, सन १९५८
तिथी गाईस ठाऊक

चि. धोंडबास अनेक आशीर्वाद.

तुझ्या लाडक्या कपिलेने माझे पंचांग खाल्ले. पुढच्या साऱ्या एकादश्या आता तिच्या उदरी. उपास मात्र ती आधीपासूनच करते आहे.

तुझ्या शेतकी कॉलेजची विद्या मी प्रमाण मानली. कारखान्याबाहेर उरलेल्या उजाड चराईचे चार भाग पाडले. पाळीपाळीने एकात गुरे, बाकी तिन्हींना विश्रांती. पावसाळाभर जमले, गवतही उगवले. पण दिवाळीनंतर मातरच्या, म्हणजे गोधनाच्या, पूजेला इथल्या गुराखी राऊतांनी गावची सगळी गुरे नेमकी त्या हिरव्या भागात नेली, कारण त्यांच्या देवाचा खांब तिथेच. मी आडवा आलो, तर हिरालाल राऊत म्हणाला, "गुरुजी, देव को भी चार टुकड़ों में घुमाएँगे क्या?" मी बाजूला झालो, आणि खांबाभोवती त्यांचा नाच सुरू झाला. नाच आटोपेपर्यंत गुरांनी गवत खाऊन-तुडवून संपवले.

तुझी वहिनी म्हणते, "जमीन आराम करून राहिली, अन् गाय उपाशी मरून राहिली!"

मी पुन्हा भाग पाडले आहेत. हे पत्र पेटीत टाकणार नाही. तू परीक्षा सोडून धावत येशील. खरे सांगतो, धोंडबा, गवत परत येईल. तोवर कपिला जगेल असे मला वाटत नाही.

तुझा,
भय्याजी